एक नंबरच्या चड्डीतला संत

माल्टा बेटावरच्या आमच्या हाल-दरून गावात दोन संत आहेत आणि दोन बँड आहेत. संतांचं एकमेकांशी पटत असावं, स्वर्गात ते शेजारी शेजारी बसतही असतील. बँडवाल्यांचं मात्र माझ्या आजीच्या आजीपासून पटत नाही. लाल झेंड्याची माणसं संत बास्त्यानची, निळ्या झेंड्याची संत जुझेपची. लालांच्या सणाला निळे खिडक्या लावून घेतात आणि निळ्यांच्या सणाला लाल समुद्रावर निघून जातात. आमचं घर लाल. वडिलांनी सत्तावीस वर्षं मिरवणुकीत बास्त्यानची मूर्ती वाहिली, त्यांच्या खांद्यावर पावाएवढा घट्टा पडला होता. माझी धाकटी बहीण रीता मात्र निळ्या घरात पडली. तिचा नवरा साल्वू निळ्यांचे फटाके बनवतो.

साल्वू आणि मी एकतीस वर्षं बोललेलो नाही. भांडण कशावरून झालं ते सांगण्यासारखं नाही, मिरवणुकीचा रस्ता आणि एका बाल्कनीवरचा झेंडा, एवढंच. तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसलो तरी तो रीताकडे बघून म्हणतो, "तुझ्या बहिणीला विचार, मीठ हवंय का." आणि मी रीताला सांगते, नको म्हणावं.

फुटबॉलचा क्लब तेवढा दोघांचा. म्हणून त्याचा रंग पिवळा. तो रंग ठरवायला म्हणे सात बैठका लागल्या होत्या.

त्या क्लबचे कपडे मी एकोणीस वर्षं धुते आहे. देवळातली साडेपाचची मिस्सा, म्हणजे पहाटेची प्रार्थना, झाली की मी क्लबवर येते, मशीन लावते आणि जपमाळ काढते. जपमाळेच्या पाच भागांना आम्ही रहस्यं म्हणतो; चौथं रहस्य संपतं तेव्हा मशीन कपडे पिळायला लागतं, त्यामुळे मला घड्याळ लागत नाही. आणि एकोणीस वर्षं मी प्रत्येक चड्डीच्या पट्ट्यात, आतल्या बाजूला, मसुरीच्या डाळीएवढं एक मेडल शिवते. लाल घरातल्या मुलाला बास्त्यानचं, निळ्या घरातल्याला जुझेपचं. टाक्यागणिक एक नमो मारियाची प्रार्थना. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. मुलांना माहीत आहे, त्यांच्या आयांनाही माहीत आहे. कोणी बोलत नाही, पण नवीन मुलगा आला की त्याची आई हळूच येऊन सांगून जाते, आम्ही निळे हं, चेत्ता. चेत्ता म्हणजे मी.

यंदा आमची एकोणीस वर्षांखालची मुलं माल्टाची विजेती झाली. त्यामुळे युरोपातल्या क्लबांच्या युवा स्पर्धेत, अगदी पहिल्या पात्रता फेरीत, आमच्या गावाचं नाव आलं. समोर लाटव्हियाचा संघ. एक सामना त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, दोन्हींचे गोल मिळवून निकाल. चिठ्ठी निघाली त्या दिवशी नकाशात लाटव्हिया शोधायला लाल आणि निळे एकाच टेबलाभोवती जमले होते. मी स्वतः पाहिलं.

गोलकीपर विस्तिन. रीताचा नातू, म्हणजे माझाही नातूच. पण सगळा संघ मला मावशी म्हणतो म्हणून तोही मावशीच म्हणतो. लांब हातांचा, कमी बोलणारा मुलगा. लहानपणी आमच्या मागच्या अंगणात माझ्या वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभा राहून चेंडू अडवायचा, आणि अडवला नाही तर चादर पुन्हा स्वतः धुवायचा.

पहिला सामना तिकडे झाला. मी क्लबच्या टीव्हीवर पाहिला, जुन्या चष्म्यातून, म्हणजे धूसर रंग आणि पांढरा चेंडू तेवढा. अर्धा वेळ डोळे मिटलेले होते, तरी जे पाहायला नको होतं ते नेमकं दिसलं. साधा चेंडू होता. जमिनीवरून सरपटत, दमलेल्या कोंबडीसारखा येत होता. विस्तिन खाली वाकला आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला. आमच्या द्वार्दूनं दुसऱ्या बाजूला दोनदा चेंडू मारला, दोन्ही वेळा खांबावर. एक-शून्य हरलो.

द्वार्दू सात नंबरचा, लाल घरातला. त्याचा बाप बास्त्यानच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. खांबाबद्दल त्याला कोणी फार बोललं नाही. विस्तिनला मात्र गावानं सोडलं नाही. पास्टिझीच्या, म्हणजे चीज भरलेल्या खारीच्या, दुकानात गेला तर दुकानदारानं कागदी पिशवी पुढे केली आणि विचारलं, "हातात धरशील, की पायाखालून जाऊ देऊ?" त्या दिवसापासून तो दुकानात गेला नाही. मी त्याच्यासाठी व्रत धरलं, परतीचा सामना होईपर्यंत दिवसातून एकदाच जेवण, तेही नुसता पाव आणि ऑलिव्ह.

मिस्टर रेनी, म्हणजे आमचे प्रशिक्षक, वाईट माणूस नाहीत. त्यांनी विस्तिनला बाजूला घेऊन सांगितलं, की तू उभा राहणार असलास तर मी दुसऱ्याला उभा करणार नाही. पण भीतीनं पाय लटपटत असतील तर आधीच सांग. सामन्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत काय ते सांग.

सामना बुधवारी चार वाजता. सकाळी नऊला युरोपच्या फुटबॉल मंडळाच्या बाई आल्या. हेल्वी नाव, फिनलंडच्या. हातात याद्या, गळ्यात ओळखपत्र, पायात शहाण्या माणसाचे बूट. सगळे कपडे टेबलावर मांडायचे होते. त्यांनी नंबरांची उंची फूटपट्टीनं मोजली, मोजे बघितले आणि मग एका चड्डीचा पट्टा चिमटीत धरून थांबल्या. आत काहीतरी टणक होतं. त्यांनी दुसरी बघितली, तिसरी बघितली.

मिस्टर रेनींनी छताकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि खरं ते सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. धातूचं काही चालत नाही, खेळाडूला लागू शकतं, शिवाय देवाधर्माची चित्रंही कपड्यांवर चालत नाहीत, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, कपड्यांवर नाहीत, आत आहेत. त्या थोडं हसल्या, पण म्हणाल्या की अकरापर्यंत काढायला हवीत. मेडलं ठेवायला त्यांनी मला स्वतःजवळचा एक पांढरा लिफाफाही दिला.

मी धुण्याच्या खोलीत बसून उसवायला घेतलं. नवा चष्मा शनिवारीच मिळाला होता. जुन्यातून मला समोरचा माणूसही बोलल्याशिवाय ओळखू येत नसे. प्रत्येक मेडल काढून, पुसून, तळहातावर ठेवून बघत होते. बास्त्यान झाडाला बांधलेला, अंगभर बाण. जुझेप हातात काठी घेतलेला. मग एक नंबरची चड्डी घेतली, विस्तिनची. मेडल काढलं. तळहातावर झाड होतं, आणि बाण.

मी सात नंबरची ओढली. घाईत टाका निघेना. द्वार्दूच्या चड्डीतून जुझेप निघाला.

कसं झालं ते लगेच उमगलं. नवे कपडे सप्टेंबरात आले, आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गावी सण होता. भर दुपारी त्यांनी फटाक्यांचा जो काही बार उडवला, त्यानं मी दचकले आणि मेडलांच्या दोन्ही डब्या फरशीवर सांडल्या. मी ती जुन्या चष्म्यातून निवडली. झाड काय नि काठी काय, मला दोन्ही एक उभी रेघच दिसत असणार.

म्हणजे परक्या देशात, थंडीत, निळ्या घरातला मुलगा लालांचा संत कमरेला लावून उभा होता. आणि मला आठवलं, त्या सामन्यानंतर सगळ्यांच्या चड्ड्यांना खऱ्या गवताचे हिरवे डाग होते, निघता निघेनात. आमच्या मैदानावरचं गवत प्लास्टिकचं, असे डाग मी कधी काढलेच नव्हते. एक नंबरची तेवढी स्वच्छ होती. तेव्हा मला वाटलं होतं, बिचाऱ्याला झेप घ्यायचीही हिंमत झाली नसेल. आता वाटलं, होईल कशी?

मी रस्ता ओलांडून देवळात गेले. फादर वेन्झू वेदीच्या मागे मेणबत्त्या बदलत होते. मी त्यांना तिथेच कबुलीजबाब दिला. विचारलं, की हे सांगितलं तर निळे म्हणतील लालांनी मुद्दाम केलं, गावात पुन्हा रस्त्याची भांडणं निघतील. नाही सांगितलं तर ते पोर जन्मभर स्वतःला दोष देत राहील. फादरना खोकला आला. बराच वेळ आला. मग डोळे पुसून त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं, की गावाला नाही, फक्त त्या मुलाला सांगा, आणि तेही आत्ताच.

परत आले तर विस्तिन धुण्याच्या खोलीच्या दारात उभा होता. हातमोजे एकात एक घडी घालून आणले होते. वापरून झालेली वस्तू परत करताना घालतात तशी घडी.

"मावशी, हे ठेव. मी मिस्टरना सांगायला चाललोय."

मी त्याला बस म्हटलं. तो कपड्यांच्या टोपलीवर बसला. मी सगळं सांगितलं, डब्या, बार, चष्मा, झाड, काठी. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. शेवटी म्हटलं, "चूक तुझी नव्हती, बाळा. माझी होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या तळहातावरच्या त्या दोन मेडलांकडे. त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"म्हणजे माझ्याबरोबर गोलात बास्त्यान होता."

"हो."

"मावशी, त्याला आयुष्यात एक बाण अडवता आला नाही. सगळे आरपार. आणि तू त्याला गोलात उभा केलास?"

मला रागवायला हवं होतं. माझ्या वडिलांनी ज्याला सत्तावीस वर्षं खांद्यावर घेतलं, त्याच्याबद्दल हे बोलणं. पण तोंडातून हसूच फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. विस्तिन टोपलीवरून खाली घसरला. हसता हसता म्हणाला, आणि द्वार्दूकडे जुझेप, सुतार! सुताराला लाकूड दिसल्यावर तो काय सोडतो? दोन्ही चेंडू खांबावर. गोलाचे खांब लोखंडाचे असतात, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले. मला विचारलं, तू आठवडाभर नीट जेवत नाहीस असं आजी म्हणत होती, ते यामुळे का? मी म्हटलं, हे तर मला आज कळलं. जेवत नव्हते ते तुझ्यासाठी.  तो उठला, हातमोज्यांची घडी उलगडली आणि हातात चढवले. बाराला अजून वेळ होता. मिस्टर रेनींच्या खोलीचं दार त्यानं हातमोजे घालूनच ठोठावलं, थप थप असा मऊ आवाज आला.

चार वाजता मैदान भरलं होतं. लाल उजवीकडे, निळे डावीकडे, नेहमीप्रमाणे, पण सगळ्यांच्या गळ्यात पिवळे रुमाल. मी दोन्हींच्या मधे, पाण्याच्या बाटल्यांजवळ बसले. तो लिफाफा एप्रनच्या खिशात होता. हेल्वीबाई माझ्या मागच्याच रांगेत होत्या.

लाटव्हियाची मुलं उंच आणि शिस्तीची. ऊन मात्र त्यांना सोसत नव्हतं, गाल टोमॅटोसारखे झाले होते. पहिला अर्धा तास त्यांनी आमच्या गोलावर मुक्काम ठोकला. तिसाव्या मिनिटाला एक चेंडू सरपटत विस्तिनकडे आला, अगदी तसाच, दमलेल्या कोंबडीसारखा. सगळं मैदान श्वास धरून बसलं. विस्तिन गुडघ्यावर बसला, चेंडू दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि पास्टिझीवाला जिथे बसला होता तिकडे बघून पिशवी धरावी तसा दाखवला. पास्टिझीवाल्यासकट सगळे हसले. त्या हसण्यानंतर आमची मुलं खेळायला लागली.

सत्तराव्या मिनिटाला द्वार्दूला डावीकडून चेंडू मिळाला. तो खांबाच्या आतल्या बाजूला लागला, क्षणभर विचारात पडल्यासारखा रेषेवर फिरला आणि आत गेला. ढोलवाल्या बापानं शेजारच्याला मिठी मारली. तो शेजारचा निळा होता. दोघांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

शिट्टी वाजली तेव्हा आमचा एक, त्यांचा तिकडचा एक. या स्पर्धेत जादा वेळ नसतो, लगेच पेनल्टी. रीता येऊन माझा हात धरून बसली. तिच्या पलीकडे साल्वू, टोपी दातांत धरून. मी जपमाळ काढली, पण मणी सरकवायचं विसरले. एकाच नमो मारियावर किती वेळ होते कोण जाणे.

चार-चार पेनल्टी झाल्या. त्यांची एक विस्तिननं डाव्या हातानं अडवली, आमची एक आकाशात गेली. तीन-तीन. पाचवी आमची द्वार्दूची, गोल. आता त्यांची पाचवी. मारायला आला तो त्यांचा कप्तान. त्यानं अजून एकही चूक केलेली नव्हती.

विस्तिन दोन खांबांच्या मधे उभा राहिला आणि त्यानं हात पसरले. मला अंगण दिसलं, दोन चादरी दिसल्या. कप्तान धावत आला. विस्तिन उजवीकडे झेपावला, लांब, आणखी लांब. चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला.

मग काय झालं ते मला क्रमानं सांगता येत नाही. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली होती. निळ्या बाजूनं गर्जना उठली, जुझेपचा खांब, जुझेपचा खांब. सुताराचा विनोद तिथवर कसा पोहोचला मला माहीत नाही. मी फक्त एका मुलाला सांगितलं होतं. पाचच मिनिटांत लालांनी उत्तर दिलं, की द्वार्दूला गोल आमच्या बास्त्याननं दिला, बाण कसा लागतो ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? भांडण सुरू झालं खरं, पण दोन्हीकडची माणसं भांडताना हसत होती. असलं भांडण मी गावात कधी पाहिलं नव्हतं.

साल्वूनं दातांतली टोपी काढली. त्याचे डोळे ओले होते. तो रीताकडे वळला, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग तिच्या डोक्यावरून सरळ माझ्याकडे बघितलं.

"मेव्हणीबाई," तो म्हणाला, "खांब जुझेपचा होता हे तरी मान्य करा."

एकतीस वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही वादाचा. मी म्हटलं, "साल्वू, नवा चष्मा आहे माझा. आधी पोराचं बोट लागलं, मग खांब."

त्यानं विचार केला. म्हणाला, बोटही निळंच आहे. मी म्हटलं, आजीकडून लाल आहे. रीता आमच्या दोघांच्या मधे बसून रडत होती आणि हसत होती. आता तिला कोणी निरोप सांगायला सांगत नव्हतं.

त्यानंतर साल्वूनं भर दिवसा फटाके उडवले. पुढच्या मार्चच्या सणासाठी ठेवलेले होते ते. क्लबच्या दारात पाव-तेल-टोमॅटोची ताटं आली आणि माझं व्रत तिथेच सुटलं. मी तीन तुकडे खाल्ले. चौथा विस्तिननं आणून दिला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. केसांत प्लास्टिकच्या गवताचे तुकडे अडकले होते.

"मावशी, एक सांगू? रागावू नकोस."

सांग म्हटलं.

"तिकडे फार थंडी होती. मी लांब पँट घालून खेळलो. ती आजीनं धुतली. तुझी चड्डी बॅगेतून निघालीच नव्हती."

मी पाव खाली ठेवला. ती स्वच्छ चड्डी डोळ्यांसमोर आली, एकही डाग नसलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

"म्हणजे बास्त्यान तुझ्याबरोबर नव्हताच."

"नाही. तो गोल माझा एकट्याचा."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

तो हातातलं ऑलिव्ह फिरवत राहिला. म्हणाला, गावात प्रत्येकजण तुझी चूक, तुझी चूक म्हणत होता. तू पहिली, जी म्हणालीस माझी चूक. मला ते जरा वेळ ऐकायचं होतं. मग ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि म्हणाला, बाकी बास्त्यानची माफी माग माझ्याकडून, तू रोज भेटतेस त्याला.

दुसऱ्या दिवशी मिस्सेनंतर मागितली. देवळातल्या जुझेपच्या बाजूलाही मेणबत्ती लावली. त्या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले. तिथला गुडघे टेकायचा बाक जास्त मऊ आहे, हे निळ्यांनी इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं.

पुढची फेरी तीन आठवड्यांनी आहे, नॉर्वेत, आणि मला बरोबर नेणार आहेत. मशीन फिरतं आहे, दुसरं रहस्य चालू आहे. अठराही मेडलं लिफाफ्यातून काढली आणि नव्या चष्म्यातून एकेक नीट बघून शिवली, एक बास्त्यान, एक जुझेप, एक बास्त्यान, एक जुझेप, माझ्या एप्रनच्या काठाला, आतल्या बाजूनं. चालताना थोडं वजन लागतं. हेल्वीबाई गावातून निघण्याआधी निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी शिवतच होते. त्यांनी काठ चिमटीत धरून बघितला, यादी उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि मिटली. म्हणाल्या, एप्रनबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही.